विचारण्याआधी वाकणं

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४



आजचा श्लोक तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. ज्ञान कसं मिळवायचं हे भगवंत अर्जुनाला सांगतात आणि तीन शब्द देतात : प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. आधी नमस्कार, मग सगळ्या बाजूंनी खोदून विचारणं, आणि त्याच्या जोडीला सेवा. माउलींनी या श्लोकावर लिहिताना तर सेवेला ज्ञानाच्या घराचं दारच मानलंय.

आपल्या पिढीला यातला मधला शब्द फार आवडतो. प्रश्न विचारायला आपण घाबरत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा शब्द? आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर एपीआयला प्रश्न विचारतो. रिक्वेस्ट पाठवली, उत्तर आलं, विषय संपला. सर्व्हरला कोणी नमस्कार करत नाही. हीच सवय माणसांशी बोलताना लागली तर?

आमच्या घरी हा प्रश्न रोजचा आहे, कारण आमची मुलं शाळेत जात नाहीत. लेक ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. बायको आणि मी त्यांना घरीच शिकवतो. पुढे दहावीची परीक्षा मुक्त विद्यालयातून द्यायची असं ठरवलंय. त्यामुळे बाजार, बँक, नदी, नातेवाईक, सगळंच आमच्या अभ्यासात येतं. आणि इथेच एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ज्याच्याकडून आपण शिकतो तो माणूस आपला कोण? वाचून मिटून ठेवायचं पुस्तक, की ज्याचं आपण काही देणं लागतो असा कुणी?

गेल्या शनिवारी आम्ही पुण्याहून वाईला गेलो, माझ्या आत्याकडे. मुलांना बघायला तिथे भरपूर आहे. कृष्णेच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. त्याची मागची भिंत होडीच्या टोकासारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. माझ्यातला इंजिनिअर तिथे अर्धा तास रमला. मग जवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागच्या घाटावरची भली मोठी पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर ती इकडे आली. लेकीने लगेच विचारलं, "मग ज्यांची होती ते आता काय वाजवत असतील?" परिप्रश्न म्हणतात तो हाच.

पण वाईत आम्हाला खरं शिकवणारी आत्या होती, आणि तिथे गोष्ट सोपी नव्हती. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ३० वर्षांहून जास्त शिक्षिका होती. पहिली ते चौथी एकाच खोलीत, फळा एक, बाई एक. आमचा निर्णय तिला कळला तेव्हापासून ती गप्प असते. न बोलता तिला काय म्हणायचंय ते मला कळतं : जे मी आयुष्यभर केलं, ते तुम्हाला तुमच्या पोरांसाठी नको झालं.

मुलांनी गेल्या गेल्या तिच्या पाया पडून नमस्कार केला. संध्याकाळी लेक वही घेऊन तिच्याजवळ बसली. शाळा कशी होती, पोरं किती, मारायचीस का, सगळं विचारून झालं. शेवटी आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या वर्गात एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. शाळा होती म्हणून तिला दिवसाचे चार तास स्वतःचे मिळाले. तिला घरी कोण शिकवणार होतं? सगळ्यांचे आईबाप इंजिनिअर नसतात, बाबा."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वादातलं होतं. तिच्या बोलण्यात एक सत्य होतं, त्याला ते पुरलं नसतं. मी ऐकून घेतलं. आमचा निर्णय बदलला नाही, आत्याचं मतही बदललं नाही. प्रणिपात म्हणजे समोरच्याचं सगळं पटलं असं नव्हे. आपलं मत घट्ट धरूनही समोरच्याच्या आयुष्याला वजन देता येतं. नमस्कारात वाकणं असतं ते याचसाठी.

रविवारी सकाळी आत्या गहू निवडायला बसली. लेक वही बाजूला ठेवून न सांगता तिच्या शेजारी बसली, तिच्या पाठोपाठ धाकटाही. दोन तास गेले. मध्येच लेकीने विचारलं, "आत्याआजी, मला तुझ्या वर्गात घेतलं असतंस?" आत्या म्हणाली, "पहिल्या बाकावर बसवलं असतं." घरात बरेच दिवसांनी ती मोकळं हसली.

याच वाईत १९१७ साली विनोबा आले होते. त्याच्या आदल्या वर्षी, इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतलाच उतरून काशीला गेले होते. म्हणजे परीक्षा सोडून शिकायला निघालेला हा तरुण. वाईला ते नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी बसून ब्रह्मसूत्रं शिकले. आणि त्याच वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांसोबत ते जात्यावर लोकांचं धान्य दळून द्यायचे. त्याचे पैसे वाचनालयाला जात. एका हाताने शास्त्र, दुसऱ्या हाताने जातं. शाळा-कॉलेज सोडता येतं, शिष्यपण सोडता येत नाही, हे मला विनोबांच्या त्या वर्षाकडे बघून कळतं.

कुणी म्हणेल, श्लोक आत्मज्ञानाचा आहे, तुम्ही त्यात घंटा आणि गहू कुठे आणता? बरोबर आहे. पण सद्गुरू भेटतील त्या दिवशी वाकायला जमावं, तर त्याचा सराव आत्या-मामांसमोरच व्हायला हवा ना. जो घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून फक्त माहिती काढून घेतो, तो संतांकडूनही माहितीच घेऊन परत येईल.

शाळेत फी भरली की हिशोब मिटला असं वाटतं. घरी शिकणाऱ्या मुलाला मात्र सगळं जग फुकट शिकवत असतं, म्हणून त्याच्यावर ऋण जास्त. आणि खरं सांगायचं तर यूट्यूबवर प्रवचन ऐकणारे, पीडीएफ वाचणारे आपण सगळेच आज असे घरी शिकणारे विद्यार्थी आहोत. आपण विचारतो खूप. गहू कुणाचे निवडतो?

आजचा छोटासा सराव : आज ज्याच्याकडून काही शिकाल, मग ते ऑफिसमधले सीनियर असोत, आई असो की सोसायटीचा माळी, त्याचं एक काम हलकं करा. उपकार म्हणून नको. देणं म्हणून करा, आणि सांगू नका.

राम कृष्ण हरी.