शरणगमनाची भाषा

चुल्लवग्गातील एका प्रसंगाची दखल भाषाविचारकांनी वारंवार घेतली आहे. नीतिविचारकांनी मात्र ती पुरेशी घेतलेली दिसत नाही. ब्राह्मण कुळात जन्मलेले, शुद्ध वाणीचे दोन भिक्खू बुद्धाकडे तक्रार घेऊन येतात. नाना गोत्रांचे आणि जातींचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवीत आहेत, तेव्हा ते छंदात, म्हणजे वैदिक वळणाच्या संस्कृतात, बांधावे असे त्यांचे म्हणणे. बुद्ध त्यांनाच दोष देतो आणि ‘सकाय निरुत्तिया’ बुद्धवचन शिकण्यास अनुमती देतो. बुद्धघोषाने या शब्दांचा अर्थ बुद्धाची स्वतःची भाषा, म्हणजे मागधी, असा लावला. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी शिकणाऱ्याची स्वतःची भाषा असा लावला. हा वाद येथे बाजूला ठेवता येईल. तक्रार शुद्धतेची होती आणि शुद्धतेच्या आड जन्म उभा होता, एवढे स्पष्ट आहे. ज्या वचनाने माणूस स्वतःला बांधून घेतो ते त्याला कळणे ही केवळ सोय आहे, की नीतीची पूर्वअट?

नेपाळ खोऱ्यातील नेवार समाजाला विसाव्या शतकात या प्रश्नाची किंमत मोजावी लागली. तेथील वज्रयान परंपरेचे पौरोहित्य वज्राचार्य कुळांत वंशपरंपरेने चालत आलेले. विधी संस्कृतात, वरच्या दीक्षा गुप्त. नेवारांच्या भाषेतील, म्हणजे नेपाळभाषेतील, पहिले मासिक धर्मादित्य धर्माचार्य यांनी १९२५ साली काढले ते कलकत्त्यातून. राणांच्या राजवटीत काठमांडूत ते शक्य नव्हते. पुढे कुशीनगरच्या ऊ चंद्रमणी महास्थविरांकडून प्रव्रज्या घेतलेले प्रज्ञानंद आणि त्यांचे सहकारी नेपाळभाषेत उघड्यावर धर्मोपदेश करू लागले. १९४४ साली प्रज्ञानंदांसह आठ भिक्खूंना हद्दपार करण्यात आले. भाषा आणि धर्म या दोन आरोपांची तेथे फारकत करता येत नाही. गुप्त दीक्षेचा धर्म राजसत्तेला चालत होता. सर्वांना कळणारा चालला नाही.

त्याच सुमारास कवी चित्तधर हृदय तुरुंगात होते. अपराध काय, तर नेपाळभाषेत कविता छापली. बंदिवासात त्यांनी बुद्धचरित्रावर एकोणीस सर्गांचे ‘सुगत सौरभ’ रचले. ते १९४९ साली प्रसिद्ध झाले. या महाकाव्यातील कपिलवस्तू पुष्कळदा काठमांडूसारखी दिसते. घरे, दागिने, विवाहविधी सारे नेवारांचे. इतिहासाच्या कसोटीला हे उतरत नाही. पण ज्या भाषेला राज्यात तोंड उघडण्याची मुभा नव्हती तिच्यात बुद्धाचे घर बांधणे ही अलंकरणाची हौस नव्हती, आणि टीकाकाराने तिला कालविपर्यासाचा दोष लावून मोकळे होणे फार स्वस्तातले ठरेल.

मराठीत याच्या नेमके उलट घडले. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात १९०२ साली नेपाळात पोहोचले आणि तेथील अवस्था पाहून निराश होऊन परतले. ‘निवेदन’ या आत्मकथनात (१९२४) त्यांनी ही हकिकत नोंदवली आहे. तेव्हा ते पंचविशीत होते, पालीही शिकलेले नव्हते, नेपाळभाषा तर नाहीच. विधींच्या थराखाली घराघरांत जे जपले जात होते, ज्यातून पुढे ‘सुगत सौरभ’ निघाले, ते त्यांना दिसणे शक्य नव्हते. त्यांची निराशा प्रामाणिक होती, निर्णय मात्र घाईचा. पुढे सिंहलद्वीपात पाली आत्मसात करून त्यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) लिहिले आणि चित्तधरांनी जे चढवले ते उतरवले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून झालेले वैराग्य बाजूस सारून त्यांनी सुत्तनिपाताच्या आधारे शाक्य आणि कोलियांच्या रोहिणीच्या पाण्यावरील तंट्याकडे बोट दाखवले. एकाने बुद्धाला शेजारी केले, दुसऱ्याने माणूस. कोसंबींना त्यासाठी तुरुंगात जावे लागले नाही. वादाला मात्र तोंड द्यावे लागले. स्वभाषेत लिहिणाऱ्याला वाचक उलट विचारू शकतो. ‘कळणे’ नैतिक ठरते ते येथे. न कळलेल्या वचनाला कोणी हरकत घेऊ शकत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गृहत्यागाची ही रोहिणीची उपपत्ती आपल्या बुद्धचरित्रात स्वीकारली. तो ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला आणि तो त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली, प्रसिद्ध झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा दिली ती नेवार भिक्खूंचे गुरू असलेल्या त्याच ऊ चंद्रमणींनी. त्रिशरण आणि पंचशील पालीत झाले. मग आंबेडकरांनी समोरच्या जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. प्रतिज्ञा करणाऱ्याला आपण काय सोडतो आणि काय धरतो हे शब्दाशब्दाने कळावे, अशीच त्यांची घडण आहे. पालीतल्या शरणगमनाने एक जुना, दूरवर पसरलेला संघ मिळतो. मराठी प्रतिज्ञेने माणूस उद्या सकाळपासून शेजाऱ्यांना जाब द्यायला बांधला जातो. महाराष्ट्रातील कोणत्याही विहारात, मग तो नांदगावचा का असेना, हे दोन्ही शेजारी शेजारी ऐकू येतात. कळणारे शब्दही घोकून घोकून मंत्र होतात, ही शंका रास्त आहे. पण पाठांतराने बोथट झालेली मराठी प्रतिज्ञा कोणीही, कधीही, अर्थ विचारून पुन्हा धारदार करू शकतो. पालीतल्या त्रिशरणाला तो अर्थ दुसऱ्या कोणाकडून मागावा लागतो.

फेब्रुवारी १९३८ मध्ये नांदगाव तालुक्यातल्याच मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. अठरा वर्षांनी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते काठमांडूला गेले आणि तेथे बुद्ध की कार्ल मार्क्स या प्रश्नावर इंग्रजीत बोलले. हद्दपारीच्या वर्षी सारनाथला स्थापन झालेली धर्मोदय सभा आता काठमांडूत उघडपणे काम करीत होती, आणि बारा वर्षांपूर्वी ज्या भाषेतील प्रवचनासाठी भिक्खूंना देश सोडावा लागला ती भाषा परिषदेच्या आवाराबाहेर रस्त्यावर बोलली जात होती.