अभ्यासाचें टेबल

ज्यास अभ्यास करावयाचा असतो तो कोठेंहि बसून करतो, हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं त्याचा अर्थ तपासून पाहण्याची कोणास गरज वाटत नाहीं. टेबल-खुर्ची मागणाऱ्या मुलास वडील माणसें हटकून हेंच ऐकवितात, आणि पुरावा म्हणून पूर्वजांकडे बोट दाखवितात. पुरावा खोटा नाहीं. जुना कारकून एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरी व बोरूनें मोडी लिही. शास्त्रीबोवांची पोथी पाटावर किंवा चौरंगावर असे, आणि ते स्वतः मांडी घालून जमिनीवर. उंच पायांचें टेबल आपल्या घरीं रुळलें तें इंग्रजी कचेऱ्या व शाळा यांच्या मागोमाग. त्यापूर्वींहि या देशांत न्याय, व्याकरण आणि ज्योतिष यांचा कीस काढला जातच होता.

परंतु या पुराव्यांतून एक गोष्ट सोयीस्कर रीतीनें गाळली जाते. शास्त्रीबोवा ओसरीवर पोथी सोडून बसले म्हणजे त्यांस पाणी भरावयास कोणी उठवीत नसे. पोर रडूं लागलें तर त्यास परसांत नेण्यांत येई. पान वाढून झाल्यावरच जेवणाची वर्दी जाई. त्यांच्यापुढें टेबल नव्हतें खरें. पण टेबल ज्यासाठीं हवें असतें तें सर्व त्यांजपाशीं होतें. आमच्या मतें अभ्यासाचें टेबल म्हणजे घरानें मान्य केलेला एक हक्क होय : येथें बसलेल्या माणसास कांहीं वेळ कोणी हांक मारूं नये, हा तो हक्क. चार पाय आणि फळी ही त्याची केवळ खूण.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रश्न सुताराच्या हातून निघून नीतीच्या क्षेत्रांत येतो. कारण हांक ही कोणाला तरी मारावीच लागते. दूध उतूं जातें, दाराची कडी वाजते, आजीला औषध द्यावयाचें असतें. एकास उठवावयाचें नाहीं असें ठरलें कीं ती हांक दुसऱ्याच्या वांट्यास जाते, आणि ती बहुधा कोणाच्या वांट्यास जाते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दोन खोल्यांच्या घरांत टेबल एकच असतें. “यंदा त्याचें दहावीचें वर्ष आहे” म्हणून तें मुलाकडे जातें, व मुलीचें पुस्तक स्वयंपाकघरांतील ओट्यावर, डब्यांच्या शेजारीं उघडें राहतें. पुढें तिचेंहि दहावीचें वर्ष येतें आणि टेबल तिच्याकडे येतें; हांका मात्र पूर्वींच्याच चालू राहतात. तासाभरांत पांच वेळां उठावें लागणारी मुलगी टेबलाशीं बसली आहे असें म्हणणें हा शब्दांचा खेळ झाला.

या बाबतींत रमाबाई रानडे यांचें उदाहरण फार बोलकें आहे. त्यांच्या आठवणींचें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. पति न्यायखात्यांतील मोठे अधिकारी, स्वतः आवडीनें शिकविणारे. घरांत पुस्तकांस तोटा नाहीं. असें असूनहि घरांतील वडील बायकांची नाराजी व टोमणे सोशीतच त्यांस शिकावें लागलें. त्या बायकांस दुष्ट ठरवून मोकळें होण्याची आपल्याला संवय आहे. आम्हांस तें सर्वस्वीं न्यायाचें वाटत नाहीं. ज्यांना जन्मांत कोणीं “तूं बैस, मी उठतें” असें म्हटलें नाहीं, त्यांनीं दुसरीच्या बसण्याचा आनंद मानावा ही अपेक्षा करण्याआधीं त्यांच्या कामाचा भार कोणीं उचलला होता काय, हें विचारलें पाहिजे. इंग्रज कादंबरीकर्त्री जेन ऑस्टिन चॉटनच्या घरीं येण्याजाण्याच्या खोलींतच लिहीत असे. तेथील एक दार कुरकुरत असे, आणि तें ती दुरुस्त करूं देत नसे, कारण कोणी येत आहे हें त्यामुळें आधींच समजे, असें तिच्या भाच्यानें लिहून ठेवलें आहे. ज्या लहानशा टेबलाशीं ती लिही म्हणून सांगतात तें आजहि लोक श्रद्धेनें पाहतात. आम्हांस त्याहून तें दार अधिक अर्थपूर्ण वाटतें.

आतां रस्त्यावरील दिव्याखालीं वाचून मोठा झालेल्या विद्यार्थ्याची गोष्ट घ्या. ती आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें ऐकत आलों आहों. ती सांगणारा बहुधा टेबलाचा मालक असतो. गोष्टींतील मुलाचा गौरव होतो, ऐकणारांचे डोळे पाणावतात, आणि त्या मुलास दिवा व जागा देणें हें कोणाचें कर्तव्य होतें हा प्रश्न टाळ्यांत बुडून जातो. दिव्याखालीं बसून शेवटीं पुस्तक मिटणाऱ्यांची गोष्ट तर कोणी सांगतच नाहीं.

डॉ. आंबेडकरांचें विद्यार्थिजीवन हेंहि असेंच गौरवासाठीं सांगितलें जातें. साताऱ्याच्या शाळेंत त्यांस वेगळ्या गोणपाटावर बसावें लागे, व शाळेचा नोकर त्यास शिवत नसल्यामुळें तें रोज घरीं नेऊन पुन्हां आणावें लागे, हें त्यांनीं स्वतः लिहिलें आहे. पुढें मुंबईस परळच्या चाळींतील एका खोलींत सारें कुटुंब राही. रात्रीं दोन वाजेपर्यंत वडील जागत बसत, मग मुलास उठवीत आणि स्वतः आडवे होत. त्या खोलींत टेबलास जागा नव्हती. बापानें आपली झोंप देऊन मुलाला निजानीज झालेले कांहीं तास मिळवून दिले. या गोष्टींत मुलाच्या जिद्दीइतकेंच बापाचें जागरण मोठें आहे. आणि बापानें जें केलें तें शाळेनें केलें नव्हतें, हेंहि तिच्यांत आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहें उभीं करविलीं. दिव्याच्या गोष्टी सांगत बसण्यापेक्षां छप्पर देणें बरें, हें त्या राजास कळलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

आज पुण्याच्या पेठांतून ‘अभ्यासिका’ नांवाच्या जागा गल्लोगल्लीं झाल्या आहेत. स्पर्धापरीक्षांसाठीं मराठवाड्यांतून, विदर्भांतून आलेलीं मुलें महिन्याच्या भाड्यानें तेथें एक खुर्ची व समोरची हात-दीड हात फळी घेतात. दोन्ही बाजूंस आडोसा, वर दिवा. कांहीं सुशिक्षितांस हा धंदा हास्यास्पद वाटतो. आम्हांस वाटत नाहीं. तेथें विकत मिळते ती शांतता, आणि ती घरीं मिळाली असती तर कोणी भाडें भरलें नसतें. अलीकडे तेथें मुलीहि मोठ्या संख्येनें दिसतात. सकाळीं बाटली भरून आंत जाणाऱ्या अशा मुलीस संध्याकाळपर्यंत कोणी नांवानें हांक मारीत नाहीं. कित्येकींच्या आयुष्यांत हें प्रथमच घडत असावें. भाड्याचे पैसे गांवाहून येतात. तिच्या वांट्याच्या हांकेला गांवीं आतां धाकटी बहीण उठते कीं आईच उठते, याची चौकशी मात्र अजून कोणीं केलेली नाहीं.