रिबेकाचा पदर आणि रयतेचा सारा

सालारजंग म्युझियम पाहून आलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, घड्याळातून दर तासाला बाहेर येऊन टोल देणारा चिमुकला माणूस. दुसरी, इटलीच्या बेन्झोनीनं घडवलेली रिबेका, जिच्या चेहऱ्यावरचा पदर संगमरवराचा असूनही झिरझिरीत भासतो. आमच्या भोकरसाठी हैदराबाद १९५६पर्यंत राजधानीच होती. म्हणून हे कौतुक ऐकताना मला वाटतं, यातलं थोडंफार आमचंही असेल का?

तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, १९१२ ते १९१४ या काळात निजामाचे दिवाण होते. पद सुटल्यावर त्यांनी आयुष्य संग्रहाला वाहिलं. रिबेका आजोबांनी आणलेली. नातवानं जेड, हस्तिदंत, पोथ्या, चित्रं यांची भर घातली. त्यांनी लग्न केलं नाही. १९४९च्या मार्चमध्ये ते वारले आणि त्याच वर्षी जहागिऱ्याही संपल्या. १९५१मध्ये म्युझियम उघडलं, १९६१मध्ये संसदेनं कायदा करून त्याला राष्ट्रीय दर्जा दिला.

पैसा मात्र जहागिरीचा, म्हणजे कुणब्यानं भरलेल्या साऱ्याचा. यावर एक उत्तर तयार असतं : नवाबानं मूर्ती घेतल्या नसत्या, तर तो पैसा काय रयतेला परत मिळणार होता? मेजवान्यांत उडाला असता. हे मला मान्य आहे. पण यातून नवाब इतर जहागीरदारांपेक्षा बरे ठरतात. सारा न्याय्य ठरत नाही.

दुसरं उत्तर त्यांच्या प्रेमाचं. ते प्रेम खरंच होतं. पण पुण्यात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या दिनकर केळकरांनीही दिवे, अडकित्ते तितक्याच वेडानं जमवले आणि १९७५मध्ये सरकारला देऊन टाकले. वेड तेच, खिसा वेगळा. म्हणजे प्रेमावरून पैशाचा निवाडा होत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यातली बाकी फेडत नाही.

मग करायचं काय? रिबेका फोडून वाटता येत नाही, वाटूही नये. वस्तूखाली घडवणाऱ्याचं नाव येतं, घेणाऱ्याचं येतं. तिथंच साऱ्याचीही एक ओळ असावी. तोवर आमच्या तालुक्यातल्या माणसानं तिकीट काढून आत जावं, मन भरून पाहावं. फक्त उपकाराखाली मान वाकवू नये. आपल्या आजोबांनी हप्ते भरलेल्या घरात गेल्यासारखं जावं.