पाण्याचा भरवसा

स्वस्थ बसा. स्लॅलमची, म्हणजे पाण्यातल्या खुणांना वळसे घालत जायच्या खेळाची, एक वॉटरस्की मांडीवर आडवी घेतली आहे, असं मनात आणा. जेमतेम साडेपाच फूट लांब, कार्बन फायबरची, हलकी. दोन्ही पाय एकामागे एक हिच्यावरच ठेवायचे.

तळावरून हात फिरवा. मधोमध उथळ पन्हळ लागेल. ती पाणी धरून ठेवते, म्हणून स्की कडेवर कलली तरी निसटत नाही. बोटं कडेला न्या. कड तासलेली आहे. धार गोलसर असेल तर स्की पाण्यात खोल बसते, तीक्ष्ण असेल तर वर राहते. आता तळाचा बाक पाहा. बाक वाढवला की वळण सोपं होतं, पण सरळ धाव मंदावते. एक मिळवायचं तर दुसरं थोडं सोडावं लागतं.

इथे जरा थांबा. 1922 मध्ये मिनेसोटातल्या पेपिन सरोवरावर या खेळाची सुरुवात करणारा राल्फ सॅम्युएलसन उभा राहिला तो आठ फुटी पाइनच्या फळ्यांवर. फळ्यांची टोकं त्याने उकळून, मऊ करून वाकवली होती. बुडायचं नाही, एवढंच तेव्हा त्यांच्याकडून हवं होतं.

आता शेपटाकडचं धातूचं पातं, फिन. मला सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं ते इथेच. स्क्रू सैल करून ते पुढे-मागे, खाली-वर सरकवतात आणि कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. कागदाच्या जाडीएवढा फरकही मुरलेल्या स्कीअरच्या पायाला वळणात कळतो. पात्यावरचा छोटा आडवा पंख बोयाजवळ, म्हणजे वळसा घालायच्या तरंगत्या खुणेजवळ, येताना वेग आवरतो.

मनातल्या मनात पाण्यावर चला. बोट ताशी 58 किलोमीटरने सरळ धावते आहे. सहा बोये, सोळा सेकंद. प्रत्येक बोया बोटीच्या रेषेपासून 11.5 मीटर दूर. स्कीअरला ओढणारी बोटीची दोरी 18.25 मीटरपासून टप्प्याटप्प्याने आखडत जाते. 2013 मध्ये स्कीअर नेट स्मिथने 9.75 मीटर दोरीवर अडीच बोये घेतले, तो तेव्हाचा विक्रम. हिशेब करा: दोरी बोयापर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर ताणलेल्या अंगाने आणि लांबवलेल्या हाताने भरायचं. अशा वेळी तोल सावरायला सवडच नसते. स्की पहिल्या बोयाला वळली तशीच दुसऱ्यालाही वळली पाहिजे. बाक, धार, पातं यांची सगळी खटपट या भरवशासाठी आहे.

तरी विक्रमापेक्षा मला रुंद स्कीचं अप्रूप अधिक. ती कमी वेगातही वर तरंगते, पाण्याला कमी अडते. पन्नाशी उलटलेला माणूस तिच्यावर बोट हळू चालवायला सांगून, गुडघे सांभाळत, सहाही बोये घेऊ शकतो.