रक्त थांबल्यावर

मूल तोंडावर आपटलं की घरात एकच धावपळ उडते. रक्त दिसताच मोठ्यांचा जीव खालीवर होतो आणि ते थांबलं की सगळे निर्धास्त होतात. पण तोंडाच्या दुखापतीत रक्त हे धोक्याचं माप नव्हे. ओठ, जीभ, हिरड्या यांना रक्तपुरवठा भरपूर. त्यामुळे लहानशी चीरही भळभळ वाहते. स्वच्छ कापडाची घडी 10 मिनिटं न उचलता दाबून धरली, तर बहुतेक वेळा रक्त थांबतं आणि चीर लवकर भरूनही येते.

खरी इजा पुष्कळदा मुकी असते. हनुवटीवर बसलेला मार थेट कानापुढच्या जबड्याच्या सांध्यापर्यंत पोचतो. हनुवटीला टाके पडतात, जखम सुकते आणि आतलं मोडलेलं हाड कुणाच्या ध्यानातही येत नाही. तोंड पूर्ण उघडत नाही, उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते, वरखालचे दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, या त्याच्या खुणा. त्या दुर्लक्षिल्या, तर सांधा आखडून जबड्याची वाढच खुंटू शकते. पेन्सिल किंवा ब्रश तोंडात असताना मूल पडलं, तर टाळूच्या मागची बारीक जखमही डॉक्टरांना दाखवावी. मोठ्या रक्तवाहिन्या तिथून जवळच असतात.

दात मुळासकट निघाला, तर आधी तो दुधाचा की कायमचा हे पाहावं. दुधाचा दात परत बसवू नये. खाली वाढणाऱ्या दाताला इजा होऊ शकते. समोरचे कायमचे दात साधारण 6 ते 8 व्या वर्षी येतात. निघालेला कायमचा दात मुळाला हात न लावता उचलावा, मळला असेल तर न घासता नुसता धुवावा आणि जमल्यास लगेच जागी बसवावा. नाहीतर थंड दुधात ठेवून तडक दंतवैद्याकडे न्यावा. अर्ध्या तासात पोचलं, तर तो वाचण्याची आशा बरीच असते.

मात्र उलट्या, गुंगी किंवा शुद्ध हरपणं दिसलं, तर दाताआधी रुग्णालय गाठावं.

मूल पडलं की आपण आधी रागावतो, आणि भेदरलेलं मूल दुखणं लपवतं. म्हणून त्याला जवळ घ्या. रडणं ओसरलं की तोंड उघडायला, दात मिटायला सांगा. रक्त थांबल्यावरही ‘चावता येत नाही’ असं ते म्हणालं, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.