नमुना कोणाचा?

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आल्या. त्या क्रोशाचे विणकाम करतात. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाला घालावयाच्या झबल्याचा एक नमुना त्यांनी स्वतः तयार केला होता. गळ्यापासून सुरुवात, खांद्यांवर गोल योक आणि खाली घेर, अशी त्याची रचना. टाक्यांच्या हिशेबासह त्याची कृती चार पानांवर लिहून ती पाने त्या अल्प किमतीत देत असत. एक प्रत विकत घेतलेल्या बाईंनी त्या चारही पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि ओळखीच्या सर्वांना पाठवून दिली. त्यानंतर प्रत मागायला कोणी आले नाही. “फादर, ही चोरी आहे का?” एवढेच त्यांनी विचारले.

मी घाईने उत्तर दिले. विद्या दिल्याने वाढते, असे म्हणालो. वर हेही जोडले, की टाके तरी तुम्ही कुठे शोधून काढले? ते आईकडूनच शिकलात ना! त्यांनी वाद घातला नाही. जाताना मात्र पिशवीतून दोऱ्याचा एक गुंडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. विणलेले उसवले की दोऱ्याला वळ्या पडतात, तसा तो सारा दोरा नागमोडी झालेला होता. “हे झबलं मी नऊ वेळा उसवलं, फादर,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

माझे उत्तर अर्धेच खरे होते, हे त्या गुंड्याने मला दाखवले. त्यातला खरा अर्धा भाग आधी पाहू.

शून्यातून निर्मिती करणे केवळ परमेश्वरालाच शक्य आहे, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आम्ही सेमिनरीत अभ्यासली. मनुष्य निर्माण करीत नाही. जे आहे त्यातून तो घडवतो. विणकामात हे सत्य उघड्या डोळ्यांनी दिसते. क्रोशाने सपाट चकती विणायची, तर पहिल्या फेरीत 12 खांब, दुसरीत 24, तिसरीत 36, असे दर फेरीला बारा खांब वाढवावे लागतात. कमी वाढवले तर चकतीची वाटी होते आणि जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. हा भूमितीचा नियम आहे आणि त्यावर कोणाचीही मालकी सांगता येत नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील कलासंग्रहालयात मास्टर बर्ट्राम यांच्या नावाशी जोडलेले सुमारे 1400 सालचे एक वेदीचित्र आहे. त्यात पवित्र मरिया चार सुयांवर लहान मुलाचा अंगरखा विणताना दाखवली आहे. विण गळ्याशी गोल चालली आहे. आजही बिनशिवणीचा गळा चार सुयांवर असाच विणतात. ही पद्धत प्रथम कोणाच्या हातांना सापडली, हे कोणालाच ठाऊक नाही. आपण सारे त्या अनामिक हातांचे ऋणी आहोत.

दुसऱ्याचे पाहून करणे हेही प्रत्येक वेळी पाप नसते. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि त्यानंतरच्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मरण पावली. त्या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील अर्सुलाइन भगिनींनी मुलींना क्रोशा शिकवला. क्लोन्स गावी कॅसांड्रा हँड या प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या पत्नीने तेच कार्य केले. व्हेनिसची सुईने केलेली लेस श्रीमंतांना प्रिय होती, पण ती करण्यास फार वेळ लागे. आयरिश मुलींनी तिचे रूप डोळ्यांसमोर ठेवले आणि क्रोशाच्या आकडीने गुलाब, पाने, वेली सुट्या सुट्या विणून जाळीने एकत्र जोडल्या. अनुकरणातून सुरू झालेली ही कला पुढे ‘आयरिश क्रोशा’ या स्वतःच्या नावाने जगाला परिचित झाली. त्या लेसच्या विक्रीवर कितीतरी घरांची चूल पेटली. त्या मुलींनी व्हेनिसच्या कारागिरांची चोरी केली, असे आपण म्हणू का? मला तसे वाटत नाही. त्यांनी रूप घेतले, पण ते आकडीने साधण्याची वाट स्वतः कष्ट करून शोधली. आमच्या धर्मग्रामातील त्या बाईंनी नेमका हाच भाग गाळला होता. त्यांनी शोधलेली वाटच उचलली.

या बाबतीत एलिझाबेथ झिमरमन (1910–1999) यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या या विणकाम शिक्षिकेने स्वेटरचा साधा हिशेब घालून दिला. आधी लहानसा चौकोन विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचे आणि त्याला छातीच्या घेराने गुणायचे. इंचाला 5 टाके आणि घेर 40 इंच असेल, तर अंगाचे टाके 200. मनगटाला त्याचे 20 टक्के, म्हणजे 40, आणि गळ्याला 40 टक्के, म्हणजे 80. हा हिशेब हाती आला, की कोणतीही स्त्री आपला स्वेटर आपणच आखू शकते. झिमरमन यांनी आपल्या युक्त्यांना ‘शोध’ म्हणण्याचे टाळले. आपण काही नवे शोधले नसून कोणाला तरी पूर्वी सुचलेलेच आपल्याला पुन्हा सापडले असावे, या अर्थाचा ‘अनव्हेंट’ असा गमतीदार शब्द त्या वापरीत. तरीही या विनम्र बाईंनी आपली पुस्तके स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली आणि ती विकली. विनम्रता आणि श्रमाचा मोबदला यांत विरोध नाही, हे त्यांना कळत होते. मला मात्र त्या दिवशी ते कळले नव्हते.

मग नमुना तयार करणाऱ्याचे स्वतःचे असे काय असते? टाका त्याचा नसतो, भूमितीही नसते. तान्ह्या बाळाचे डोके गळ्यातून सहज जावे, पण खांद्यावरून झबले घसरू नये, यासाठी कितव्या फेरीत किती टाके वाढवावेत, हे नऊ वेळा उसवून ठरवलेले असते. तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा प्रत्येक मापाचा हिशेब पुन्हा मांडलेला असतो. नमुना विकत घेणारी स्त्री पहिल्याच खेपेला झबले पुरे करते, कारण दुसऱ्या कोणीतरी तिच्या वाटचे उसवणे आधीच सोसलेले असते. किंमत द्यायची ती या वाचलेल्या कष्टांची. 1957 चा भारतीय कॉपीराइट कायदाही लिहिलेल्या मजकुराला व आकृतीला संरक्षण देतो. नुसत्या कल्पनेला वा तंत्राला देत नाही. परंतु कायद्याचा धाक नसता, तरी ती पाने परस्पर वाटणे म्हणजे कामकऱ्याची मजुरी बुडवणेच ठरले असते. सातव्या आज्ञेच्या कक्षेत तेही येते.

“पण एखादी गरीब मुलगी पैसे देऊ शकत नसेल तर?” असे कोणी विचारील. तिला नमुना विनामूल्य द्यावा, हे उत्तम. मात्र तो देण्याचा अधिकार जिने कष्ट केले तिचा आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर उदार होणे सोपे असते. छायाचित्रे पाठवणाऱ्या बाईंनी तेच केले आणि खुर्चीत बसून उपदेश करताना मीही तेच केले.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी त्या भगिनींच्या घरी गेलो आणि माझी चूक कबूल केली. त्यांचे झालेले नुकसान भरून आले नाही, कारण मोबाइलवरून गेलेली पाने परत बोलावता येत नाहीत. त्या दुसऱ्या बाईंशी मी बोललो आहे. त्यांना अजून ते पुरते पटलेले नाही. निघताना त्या भगिनींनी नव्या प्रतीचे पहिले पान मला दाखवले. वर त्यांचे नाव होते आणि त्याखाली एक ओळ होती: ‘गोल योक विणायला मला माझ्या आईने शिकवले.’