बाळंतिणीला जागा



आगमनकाळ म्हणजे जागा तयार करण्याचा काळ. या दिवसांत घरोघरी नाताळच्या गोठ्यासाठी पेंढा आणला जातो, माळ्यावरची चांदणी उतरवून पुसली जाते, भिंतींना रंग लागतो. याच दिवसांत पोट जड झालेली एखादी भटकी मांजर पडवीत, लाकडांच्या ढिगामागे किंवा गोठ्यासाठीच ठेवलेल्या पेंढ्यात आडोसा शोधताना दिसते. काही घरांत तिला हुसकावले जाते. काही ठिकाणी पिले झाल्यावर ती गोणीत भरून बाजारात सोडली जातात. घाण होईल, एकीच्या पाच होतील, ही लोकांची भीती खोटी नाही. पण दारात आलेल्या या गाभण जिवाविषयी आपली श्रद्धा काय सांगते, हे आज पाहू या.

आपल्या बायबलमध्ये मांजरीचा उल्लेख जवळजवळ नाहीच. बारूखच्या पुस्तकातील सहाव्या अध्यायात तो ओझरता येतो. परंतु आई आणि पिले यांच्याविषयी देवाचे वचन स्पष्ट आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, घरट्यात पिलांवर बसलेली पक्षीण दिसली तर तिला पिलांसह धरू नये, अशी आज्ञा आहे. प्रभू येशूला यरुशलेमविषयीची आपली माया सांगायची होती, तेव्हा त्याने पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला दिली. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही (परिच्छेद २४१५ ते २४१८) प्राणी ही देवाची निर्मिती असून त्यांच्याशी दयेने वागणे हे आपले कर्तव्य आहे, असे शिकवले आहे.

ही दया कशी करावी? मांजर साधारण नऊ आठवडे गाभण असते. दिवस भरत आले की ती अंधारी, निवांत जागा शोधू लागते. किराणा मालाचा एखादा मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा. तिला आत पाय पसरून आडवे होता आले पाहिजे. एका बाजूने दार कापावे, पण खाली चार-पाच इंचांचा उंबरा ठेवावा, म्हणजे पिले बाहेर घरंगळणार नाहीत. तळाशी वर्तमानपत्रे आणि त्यावर जुन्या सुती चादरीचा किंवा साडीचा तुकडा अंथरावा. सुटे धागे असलेले कापड नको. त्यात पिलांची नखे अडकतात. खोका वारा, पाऊस, कुत्री आणि माणसांची वर्दळ यांपासून दूर ठेवावा. जवळ पाणी आणि थोडे खाणे असावे.

इतके करून आपण मागे सरावे. खोका आपला, पण निवड तिची. तिला उचलून आत कोंबू नये. व्यायच्या वेळी मुलांची गर्दी नको. पिलाभोवतीची पिशवी फोडणे, नाळ तोडणे, पिलाला चाटून कोरडे करणे हे सारे तिला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिलू बाहेर पडत नसेल, तर पशुवैद्याला विचारावे. पिलांचे डोळे उघडायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि सुरुवातीला त्यांना स्वतःची ऊबही राखता येत नाही. आईच त्यांची ऊब असते. मांजर पिलांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. पुष्कळदा तिला फिरवते ती आपलीच ढवळाढवळ.

काळजीही घ्यावी. घरातील गरोदर स्त्रीने मांजरीची विष्ठा साफ करू नये. त्यातून गर्भाला बाधक असा संसर्ग होऊ शकतो. मांजर चावली किंवा तिने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच डॉक्टरांकडे जावे. पिले निदान आठ आठवडे आईजवळ असावीत. दूध पाजत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून पिले सुटी झाली की तिची नसबंदी करून घ्यावी. मानवी विवाहाविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण मांजरीला लावून कोणी मनात किंतु धरू नये. बाजारात सोडलेल्या गोणीपेक्षा ही शस्त्रक्रिया कितीतरी दयेची आहे.

आता कोणी म्हणेल, “फादर, आधी माणसांचे बघा!” या बोलण्यात सत्य आहे. माणसांच्या दुःखासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणे योग्य नाही, असे तोच धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक जीवमात्राचे मोल सांगितले, पण प्राण्यांसाठी झटताना माणसांच्या हालांकडे डोळेझाक करणे विसंगत आहे, असेही बजावले. मात्र पुठ्ठ्याचा खोका आणि जुनी चादर यांनी कोणा गरिबाचा घास हिरावला जात नाही. तेव्हा ‘आधी माणसांचे’ असे म्हणणाऱ्याने खरोखरच आधी माणसांचे बघावे. आपल्यापैकी अनेकांकडे भाड्याच्या खोल्या आहेत. बांधकामावरचा मजूर गरोदर पत्नीला घेऊन खोली मागायला येतो, तेव्हा आपण काय विचारतो? भाषा कोणती? माणसे किती? मूल रडेल का? अनामत किती देणार? शेवटी ते जोडपे पत्र्याच्या शेडमध्ये राहते. मांजरीला खोका आणि माणसाला कुलूप, असे आपल्या धर्मग्रामात होऊ नये.

संत लूकच्या शुभवर्तमानात नाही म्हणणारा धर्मशाळेचा मालक कुठेच नाही. उतरण्याच्या ठिकाणी त्यांना जागा नव्हती, एवढेच तिथे सांगितले आहे. कोणी हाकलले नसेल. कदाचित प्रत्येकाला आपापली अडचण असेल. बाळंतीण दारात असताना अडचणी सांगणे फार सोपे असते. १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकरांनी ग्रेचो गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा तिथे चारा, खरा बैल आणि खरे गाढव होते. जनावरांच्या जागेतच प्रभूला जागा मिळाली, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. आपल्या आवारात गाभण मांजर असेल तर तिच्यासाठी एक खोका ठेवू या. आणि आपल्या गल्लीत, चाळीत, बांधकामाच्या जागी कोणी गरोदर भगिनी अडचणीत असेल, तर तिच्या दवाखान्याची, दुधाची, छपराची चौकशी करू या. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांना तसे कळवले तरी चालेल.

हे प्रभो, तुझ्या आईला दारोदार जागा शोधावी लागली. जी कोणी आई आज जागा शोधत आहे, तिच्यासाठी आमची मने आणि आमची दारे उघड. आमेन.